हनुवटीवरचे तीन ठिपके

आधी अक्काचं सांगते. ते आधी सांगितलं नाही तर मी बाकीच्या गोष्टीत वाहवत जाईन आणि तेच राहून जाईल, अशी मला भीती वाटते. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते. गॅस बंद केला का हे बघायला मी अजून जिन्यावरून दोनदा परत येते. पण अक्काचं सांगायचं राहून जाईल ही भीती त्या सगळ्यांत मोठी.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची लांबची चुलत बहीण. धुळ्यात दोन खोल्यांत एकटी राहायची. नवरा जाऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लग्नाच्या रुखवतात मांडायच्या बाहुल्या करायची. तिने मला घरात घेतलं, हाताला काम दिलं आणि एका दुपारी मला माझ्या मायचं तोंड पुसू दिलं नाही. त्यापायी तिने स्वतःचं तोंड पुसलं. असं एका वाक्यात लिहिलं की विचित्र वाटतं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी बोदवडजवळच्या एका गावची. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची बोदवडला, आणि घरात माझ्यामागे दोन लहान. शाळा सोड असं मला कोणी म्हणालं नाही. जून आला, पुस्तकं आली नाहीत, एवढंच झालं. पुढच्या उन्हाळ्यात अक्का कुणाच्या तरी लग्नाला आमच्याकडे आली. रस झाला की आंब्याच्या कोयी मी धुऊन वाळत घालायची, त्यांच्या रेषांचे केस विंचरायची आणि कोळशाने नाकडोळे काढायची. ओट्यावर अशा आठ-नऊ बाया ओळीने बसल्या होत्या. अक्काने एक उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि मायला म्हणाली, "हाई तर तुन्ही सासू शे!"

माय तोंडाला पदर लावून हसली, कारण ती खरंच आजी होती.

मग अक्का म्हणाली, "हाई पोर माले दे."

तिसऱ्या दिवशी मायने माझे दोन परकर-पोलके धुऊन दोरीवर टाकले, तेव्हा मला कळलं.

मायच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. वर दोन, खाली एक. ती हसली की खालचा ठिपका वर सरकायचा. एसटीत बसले तेव्हा खिडकीतून मी तेवढंच बघत होते. ती हसत नव्हती, त्यामुळे ठिपके जिथल्या तिथे होते.

धुळं मला वाईट नव्हतं. पण सगळं थोडं थोडं सरकलेलं होतं. आमच्याकडे "मले" म्हणतात, इथे "माले". आमच्याकडे भाकरी जाड, इथे अक्का पातळ थापायची. सकाळी दूध आणायला जायचे तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या एसटीच्या पाट्या वाचायचे. 'जळगाव' दिसली की पायांत काहीतरी व्हायचं. जळगावहून भुसावळ, भुसावळच्या पुढे दीपनगरच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या, आणि चिमण्या मागे पडल्या की आमचंच. हे मी रोज मनात एकदा जाऊन यायचे, मगच दूध घरी यायचं. अक्का विचारायची, "गाय दूर गई व्हती का आज?"

काम मात्र हाताला लगेच लागलं. दुकानात मिळायच्या त्या बाहुल्या हातभर उंच, गुलाबी, पिवळ्या केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या. अक्का त्यांना मडम म्हणायची. "मडमले आंघोळ घाल" म्हणजे थिनरमध्ये कापूस बुडवून तिचं तोंड पुसायचं. भुवया जायच्या, ओठ जायचे, डोळे जायचे आणि अंड्यासारखं कोरं तोंड राहायचं. मग लांबी, सुतार लाकडाच्या भेगांत भरतात ती, नाकावर आणि गालांच्या हाडांवर इवलीशी लावायची. वाळली की पॉलिशपेपरने घासायची. तापल्या सुईने नथीचं भोक पाडायचं. पिवळे केस उपटून गंगावनाचे काळे केस बसवायचे. मग अंगाचा रंग. नवरीचा असेल तोच. आईबाप हमखास म्हणायचे, थोडा उजळ द्या. अक्का "हो हो" म्हणायची आणि देत नसे.

ओठ आधी, भुवया मग, डोळे शेवटी. डोळ्यांसाठी तीन केसांचा ब्रश. बाकीचे केस आम्ही ब्लेडने कापून टाकायचो. मे महिन्यात तर ब्रश बाहुलीपर्यंत पोचायच्या आत रंग वाळायचा, म्हणून खिडकीला ओलं पोतं बांधून त्याच्या मागे बसायचं. तोंड झालं की बाहुली आरशापुढे धरायची. हातात सरळ वाटणारे डोळे आरशात तिरळे निघतात. सगळं ठीक असलं तर बुबुळावर वार्निशचा एक थेंब, की डोळा ओला व्हायचा.

पण अक्काची खरी रीत दुसरीच होती. ती नवरीला घरी बोलवायची. फोटो आणला असला तरी बोलवायची. आली की तिच्यापुढे तांदळाचं ताट ठेवायची, "निवडी दे माय, माले दिसत नही," आणि मग तिच्याशी बोलायचीच नाही. पोरगी पहिल्यांदा लाजून बसायची. पाच मिनिटांनी खड्यांकडे लक्ष लागायचं आणि तोंड सुटायचं. कुणी ओठ दातात धरायचं, कुणाची एक भुवई वर जायची. आम्ही दोघी खिडकीशी बसून बघायचो.

"फोटोमा बाई दम धरीसन बठस," अक्का म्हणायची. "दम सोडस तव्हय ती दिसस."

त्या बाहुल्यांची काय मिजास होती! रुखवतात कोणी लोकरीचा कुत्रा मांडायचं, कोणी आगकाड्यांचा बंगला. पण अक्काची बाहुली असली की बाया तिच्यापुढे थबकायच्या, एकदा नवरीकडे बघायच्या, एकदा बाहुलीकडे, आणि कुणीतरी म्हणायचंच, "मेलीचं हसणंसुद्धा उचललंय." नंतर ती बाहुली नवरीबरोबर सासरी जायची आणि काचेच्या कपाटात, टीव्हीच्या शेजारी राहायची.

अक्काच्या स्वतःच्या घरात न विकायची अशी एकच बाहुली होती. फळीवर, काचेच्या पेटीत. मोठं कुंकू, नथ, हिरवं लुगडं. नवरा गेल्यावर तिने केलेली ती पहिली बाहुली. अक्काच्या लग्नात फोटो काढलेच नव्हते, म्हणून तिने नवरीपणीचं स्वतःचं तोंड आठवून आठवून तिच्यावर काढलं होतं. मी त्या पेटीवरची धूळ रोज पुसायचे. आत कधी नीट बघितलं नाही. रोजच्या वस्तूकडे कोण बघतं?

पहिल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला घरी जाता आलं नाही. आखाजीला आमच्या खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी काही सासुरवाशीण नव्हते, पण घराबाहेर असलेल्या पोरीला आखाजी म्हणजे काय ते समजायला लग्न लागत नाही. अडचण अशी की आखाजी हाच लग्नांचा मुहूर्त, आणि बाहुल्यांच्या मागण्या नेमक्या त्याच दिवसांत. त्या आधीच्या दिवाळीला चार दिवस जाऊन आले होते, तेवढंच. पुढच्या दिवाळीला भावंडांना गोवर निघाला, येऊ नको असा निरोप आला. तोवर अक्काच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदू, यायला लागला होता आणि बाहुल्यांचे डोळे माझ्याकडे आले होते. मी नाही म्हटलं असतं तर काम अडलं असतं. अक्का म्हणाली, "या साले जाजो. आखाजीना आदला रोज, साडेबारानी गाडी. मी सोता बसाडसू तुले."

त्या साडेबाराच्या गाडीवर मी तीन महिने काढले.

त्या वर्षी शेवटची बाहुली जळगावच्या एका बाईंची होती. मुलगी जळगावची, लग्न धुळ्यात, नवऱ्यामुलाच्या गावी, आखाजीच्या संध्याकाळी. बाई एकदाच येऊन फोटो देऊन गेल्या. अक्काने नवरीला आणा म्हटलं तर म्हणाल्या, "परीक्षा चालू आहेत हो तिच्या. फोटो चांगला स्टुडिओतला आहे, बघा ना." फोटो चांगलाच होता. इतका चांगला की त्यात नाक होतं, ओठ होते, पण बघायला काही नव्हतं. स्टुडिओवाल्याने सगळं तोंड गुळगुळीत करून ठेवलं होतं.

तांदळाचं ताट नव्हतं, पोरगी नव्हती. अक्काला दोन दिवस ताप होता. मी एकटी पोत्यामागे बसले. समोर फोटो होता आणि मनात साडेबाराची गाडी. फोटोत जिथे काही सापडत नव्हतं तिथे हाताने आपल्या मनाने भरलं असणार. भुवयांमधली आठी, डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा, आणि शेवटी हनुवटीवर तीन ठिपके. अजाणता झालं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण गोंदणाचा तो हिरवट काळा रंग आमच्या डब्यांत नव्हता. तो मी कालवूनच केलेला असणार.

अक्काने बाहुली आरशापुढे धरली आणि म्हणाली, "डोया सरळ शेत." तिला तेवढंच दिसलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दहा वाजता बाई आल्या. माझी पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, धाकट्यांसाठी रिबिनी आणि भोवरा त्यात वरच होता. बाईंनी फडकं उचललं. बराच वेळ बघत राहिल्या.

"अक्का," त्या म्हणाल्या, "लग्न मुलीचं आहे की मुलीच्या आजीचं?"

अक्का जवळ आली.

"आणि हे काय, गोंदण? आमची मुलगी बी. कॉम.ला आहे हो! उद्या तिच्या सासरचे म्हणतील, कुठल्या रानातून उचलून आणली?"

मी म्हणाले, "पुसते मी. दुसरं काढते."

"कधी काढणार? उद्या मांडायची आहे!"

झालेलं तोंड पुसायला अक्का नाखूश असायची; तिने मला आधी दुकानात पळवलं, नवी मडम मिळते का बघायला. दुकानदाराने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मडम संपल्या बठ्ठ्या. आखाजी झाल्यावर या." मी पळत परत आले. बाई खुर्चीवर पदराने वारा घेत बसल्या होत्या. मी बाटलीचं झाकण काढलं, कापूस बुडवला, बाहुली मांडीवर घेतली.

आणि हात हनुवटीपाशी थांबला.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मायचं तोंड मला आठवेनासं होऊ लागलं होतं. आवाज आठवायचा, चुलीपुढचा हात आठवायचा, बांगडीचा पिचलेला तुकडा आठवायचा, तोंड मात्र पाण्यात बघितल्यासारखं हलायचं. आणि आता ते माझ्या मांडीवर होतं. स्पष्ट. वार्निशने डोळे ओले. थिनरचा वास नाकात चढत होता, कापूस वाळत चालला होता, आणि माझ्याच्याने ते होईना.

अक्काने बाहुली माझ्या हातातून घेतली आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. बोटाने हनुवटी चाचपली.

"हाई तर तुन्ही माय."

मी मान हलवली.

"मंग कसाले पुशस?"

तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली, फळीवरची काचेची पेटी खाली घेतली. पेटीचं दार उघडताना कड्‌ असा आवाज झाला. ते कित्येक वर्षांत उघडलेलं नसावं. मी म्हणाले, "अक्का, नको. नको ना वं अक्का." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कापूस माझ्या हातातून घेतला आणि पेटीतल्या स्वतःच्या तोंडावरून फिरवला. आधी कुंकू गेलं, मग ओठ, मग डोळे. खालचा गव्हाळ रंग जुना आणि पक्का, तो तसाच राहिला. पाच मिनिटांत तोंड कोरं झालं.

"माले आरसा शे ना घरमा," ती म्हणाली. "तुनी माय इतली दूर शे. धर. कर आते."

बाईंचा वारा घेणारा पदर थांबला होता. काय चाललंय ते त्यांना पुरतं कळलं नसावं, पण काहीतरी कळलं होतं.

मी म्हणाले, "काय करू? फोटोत काहीच नाही."

अक्काने तांदळाचं ताट आणलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कशाला?"

"निवडी द्या ताई. आनि पोरनं सांगा काही. लहानपनी कशी व्हती?" मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मायनं तोंड दख. पोर तठेच सापडी."

बाई पहिल्यांदा रागातच निवडत होत्या. मग सांगायला लागल्या. मुलगी लहानपणी झोपेत चालायची, एकदा शेजाऱ्यांच्या खाटेवर जाऊन झोपली होती. परीक्षेला जाताना अजून आईच्या हातचं दही मागते. सांगता सांगता त्यांचा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला, आलेलं हसू दाबताना ओढला जातो तसा. मी फोटो उचलला. तिथे तो ओठ होता. मला आधी दिसलाच नव्हता. "आता उद्यापासून दही कोणाला मागेल?" असं म्हणाल्या आणि ताटातले तांदूळ नुसतेच चाळत बसल्या.

बारा वाजता अक्का म्हणाली, "तू जाय. आखाजी शे. मी करसू डोया."

तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिने ते डोळे काढले असते तर कसे निघाले असते, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी पिशवी दारातून उचलून आत ठेवली. साडेबाराला मी भुवया काढत होते. त्यानंतरची गाडी धरली असती तर जळगावला पुढची मिळाली नसती. रडायला आलं, पण रडले नाही; तीन केसांचा ब्रश हातात असताना रडता येत नाही.

चार वाजता बाहुली आरशापुढे धरली. बाईंनी आरशात बघितलं आणि आरशालाच म्हणाल्या, "अगं बाई." एवढंच. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अक्काला वाकून नमस्कार केला. अक्काच्या पेटीकडे त्यांनी बघितलं की नाही, मला आठवत नाही.

आखाजी मी धुळ्यात काढली. गल्लीतल्या पोरींचा झोका होता, अक्काने जबरदस्तीने बसवलं. दुसऱ्या दिवशी तिने मला गाडीत बसवलं आणि माझ्या मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेली मायच्या तोंडाची ती बाहुली दिली. दीपनगरच्या चिमण्या दिसल्या तेव्हा मी ती घट्ट धरली होती.

घरी पोचले तेव्हा लिंबाच्या फांदीवर दोराचे वळ होते, दोर सोडलेला होता. माहेरवाशिणी दुसऱ्याच दिवशी परतायला लागल्या होत्या. मायने माझ्यासाठी सांजोऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. "खाय," म्हणाली, "तुह्यासाठी ठिवेल हायेत. नरम पडल्या थोड्या." मग मी साडी सोडून बाहुली तिच्यापुढे धरली.

"ही कोन व?"

धाकटा ओरडला, "माय, तू हाये!"

"चाल! मी काय अशी हाये का?" असं म्हणत तिने बोट पुढे केलं आणि बाहुलीच्या हनुवटीवर ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या हनुवटीवर. आमच्या घरात आरसा होता तो टिकलीएवढा, कुंकू लावण्यापुरता. स्वतःचं सगळं तोंड तिने एका वेळी कधी बघितलं असेल, कोण जाणे. ती हसली. खालचा ठिपका वर सरकला. बाहुलीचा सरकला नाही, तेवढा फरक राहिला.

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं होत आली. लग्न होऊन मी सुरतेला आले. माय गेली त्याला या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. तिचा फोटो एकच, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती कॅमेऱ्याला भ्यायलेली आहे. दम धरून बसलेली. बाहुली माझ्याकडे आहे, कपाटात, आणि माझी पोरगी तिला आजी म्हणते. मायचं तोंड मला कधीही बघता येतं. उघडायचं आणि बघायचं.

अक्काचं तसं नाही. एसटीडी बूथवरून मी महिन्यातून एकदा तिच्या गल्लीतल्या दुकानात फोन लावते, तिला बोलावून आणतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. मी एकदा भीत भीत विचारलं, पेटीत काय ठेवतेस?

"बटनं," ती म्हणाली. "आनि तू कसाले इचारस? बिल वाढी राह्यनं तुनं."

तिचं तोंड मी तीनदा काढून बघितलं आणि तीनदा पुसलं. कुंकू मोठं होतं, एवढं पक्कं. डावी भुवई वर होती की उजवी? दोन वर्षं मी त्या पेटीवरची धूळ पुसली आणि आत बघितलं नाही. ते आठवायला आता कोणी उरलं नाही. तिची आई नाही, बहीण नाही, फोटो नव्हताच. हे मनात आलं की मला रात्रंदिवस धास्ती लागते, की उशीर होतोय.

पण अक्का, तू मला एक रीत शिकवली आहेस, आणि ती मी विसरलेले नाही. कोऱ्या तोंडाची एक मडम मी घेऊन ठेवली आहे. गव्हाळ रंग देऊन झाला आहे. एका आखाजीला मी तुझ्याकडे येईन, माझ्या दुसऱ्या माहेरी म्हणूनच येईन, आणि तुझ्यापुढे तांदळाचं ताट ठेवीन. निवडी दे, म्हणेन. तू म्हणशील, माले दिसत नही. तरी निवड. तू बोटांनी खडे शोधत राहा, मी खिडकीशी बसून बघत राहीन, पाच मिनिटं नाही तर पाच दिवस, पण त्या तोंडामागची नवरी मला सापडेपर्यंत मी उठणार नाही. ओठ काढीन, भुवया काढीन, कुंकू लावीन. डोळे शेवटी. मग ती बटणं काढून तुझी पेटी मी तुला भरून देईन.